मध्ययुगीन चर्चच्या भिंतीवरील नग्न स्त्रीशिल्पे: शोधावी, ओळखावी आणि नोंदवावी कशी

पश्चिम युरोपातल्या बाराव्या शतकातल्या एखाद्या चर्चभोवती सावकाश फेरी मारली आणि नजर छपराच्या कडेखाली ठेवली, तर सिंह, मेंढे, वादक, कोलांट्या मारणारे डोंबारी आणि जिभा काढणारी तोंडे यांच्या रांगेत कधीकधी एक नग्न स्त्री दिसते. तिचे गुडघे वाकलेले असतात, डोके शरीराच्या मानाने फार मोठे असते आणि दोन्ही हातांनी ती आपली योनी उघडून दाखवत असते. ख्रिस्ती प्रार्थनास्थळाच्या भिंतीवर असे शिल्प कसे, हा प्रश्न पाहणाऱ्याला पडतोच; पण त्याचे उत्तरही बहुधा त्याच्या मनात आधीपासून तयार असते. कोणाला ती प्राचीन मातृदेवता वाटते, कोणाला पाथरवटाची चेष्टा, तर कोणाला पापाविषयीचा इशारा. अशी शिल्पे पाहायला निघालेल्या माणसाने हे तयार उत्तर काही काळ बाजूला ठेवावे आणि दोन प्रश्न वेगवेगळे हाताळावेत. दगड कोरला गेला तेव्हा तो कुठे आणि कोणत्या सोबतीत होता, हा पहिला प्रश्न. पुढच्या शतकांत लोकांनी त्याचे काय केले, हा दुसरा. या विषयावरचा बराचसा गोंधळ या दोन प्रश्नांची सरमिसळ केल्यामुळे झाला आहे, असे माझे मत आहे.

या विषयात काय काय येते

आयर्लंड आणि ब्रिटनमध्ये वर वर्णन केलेल्या प्रतिमेला शीला-ना-गिग म्हणतात. आयर्लंडमध्ये अशा शंभराहून अधिक प्रतिमांची नोंद आहे. ब्रिटनमध्ये त्या त्याहून कमी आहेत. फ्रान्सच्या पश्चिम भागात आणि उत्तर स्पेनमध्ये हीच मुद्रा रोमनेस्क (अकराव्या-बाराव्या शतकातल्या, गोल कमानींच्या) शैलीच्या चर्चवर आढळते, मात्र तिथे ती एकटी क्वचितच असते. स्पेनच्या कांताब्रिया प्रांतातल्या सेर्वातोसच्या सान पेद्रो चर्चवर नग्न स्त्रिया, लिंग दाखवणारे पुरुष आणि संभोगातली जोडपी असा मोठा समूहच छपराखाली कोरलेला आहे. तेथील शिलालेखावरून हे बांधकाम ११२९ च्या सुमाराचे ठरते, म्हणजे ते इंग्लंडमधल्या किल्पेकच्या प्रसिद्ध चर्चच्या थोडे आधीचे.

परंतु चर्चशिल्पातली स्त्रीच्या लैंगिकतेची प्रतिमा म्हणजे केवळ शीला-ना-गिग नव्हे, आणि इथेच नवख्याची पहिली गफलत होते. फ्रान्समधल्या म्वासाक येथील सेंट पीटरच्या मठाचा प्रवेशमंडप बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला आहे. त्यावर एक कृश नग्न स्त्री उभी आहे. तिच्या स्तनांना साप डसले आहेत, जननेंद्रियावर बेडूक चिकटला आहे आणि शेजारी सैतान उभा आहे. ही लक्झुरिया, म्हणजे सात महापापांपैकी वासना. ती काहीही दाखवत नाही. ती शिक्षा भोगते आहे. तिच्या आसपास कंजूष श्रीमंत आणि त्याच्या दारात पडलेला गरीब लाझारस यांची कथा कोरलेली असल्याने संदर्भाबद्दल शंका उरत नाही. वेझले येथील एका स्तंभशीर्षावर हीच लक्झुरिया निराशेच्या मूर्तीबरोबर आहे. सापांना अंगावर पाजणारी स्त्री मुळात भूमीची, सर्व जिवांना पोसणाऱ्या आईची रोमन प्रतिमा होती. ख्रिस्ती शिल्पकारांनी तीच मांडणी घेतली आणि पोसणाऱ्या आईला यातना भोगणाऱ्या पापिणीचे रूप दिले.

तिसरा प्रकार दोन शेपट्यांच्या जलपरीचा. दोन्ही हातांत एकेक शेपटी धरून ती फाकवलेल्या मुद्रेत बसलेली असते. इटलीतल्या पाविया येथील सान मिकेले मॅजोरे चर्चमध्ये आणि इतर असंख्य स्तंभशीर्षांवर ती दिसते. झिजलेल्या दगडावर शेपट्यांचे पाय वाटू लागतात, म्हणून खवले आणि शेपटीचे टोक यांचा शोध घेतल्याशिवाय तिला शीला-ना-गिग म्हणू नये. चौथ्या प्रकारात कथेतल्या स्त्रिया येतात. ओतूँच्या सेंट लाझारस चर्चच्या उत्तर दरवाजावर एकेकाळी असलेली आणि आता संग्रहालयात ठेवलेली आडवी पसरलेली हव्वा मोहक आहे, पण झाडापानांनी तिचे अंग झाकले आहे. सांतियागो दे कॉम्पोस्तेलाच्या दक्षिण दरवाजावर मांडीत कवटी घेऊन बसलेली स्त्री आहे. बाराव्या शतकातल्या यात्रेकरूंच्या मार्गदर्शिकेने तिला व्यभिचारिणी ठरवून एक कथाही सांगितली आहे: नवऱ्याने तिच्या प्रियकराचे डोके उडवले आणि ते कुजके डोके दिवसातून दोनदा चुंबायला तिला भाग पाडले. ही मार्गदर्शिका फार मोलाची, कारण त्या काळचा माणूस अशा मूर्तीकडे पाहून काय म्हणत होता हे तिच्यातून थेट कळते. शीला-ना-गिगबद्दल असा एकही समकालीन मजकूर हाती नाही, ही अडचण सुरुवातीपासून लक्षात ठेवावी.

निघण्यापूर्वी

घरी बसून दोन कामे उरकावीत. पहिले म्हणजे अधिकृत याद्या पाहणे. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या रोमनेस्क शिल्पांचा एक मोठा संग्रह आंतरजालावर खुला आहे, त्यात प्रत्येक चर्चचे वर्णन, मापे आणि छायाचित्रे दिलेली असतात. आयर्लंडमधल्या स्थळांसाठी तिथल्या राष्ट्रीय स्मारक सेवेचा नकाशा आहे आणि इंग्लंडसाठी राष्ट्रीय वारसा यादी. दुसरे काम जुनी चित्रे पाहण्याचे, पण ती संशयाने पाहावीत. हेरफर्डशायरमधल्या किल्पेकच्या चर्चची चित्रे जी. आर. लुइस यांनी १८४२ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांत छपराखालच्या स्त्रीची मुद्रा अशी सौम्य करून दाखवली आहे की योनीच्या जागी छातीवरची चीर दिसावी. आणि ही आकृती म्हणजे हृदय सर्वांसाठी उघडे टाकणारा मूर्ख होय, असा खुलासा त्यांनी केला. एकोणिसाव्या शतकातल्या लाजऱ्या डोळ्यांना दगडात काय दिसले नाही, किंवा दिसूनही काय काढवले नाही, याचा यापेक्षा चांगला नमुना सापडणे कठीण.

सामान बेताचेच लागते: आठपट मोठे दाखवणारी दुर्बीण, चांगला टॉर्च, लांब पल्ल्याची लेन्स, होकायंत्र, आणि मापाची पट्टी. शिडी नेऊ नये. किल्पेकसारखी बरीच चर्च आजही वापरात आहेत, म्हणून प्रार्थनेच्या वेळा आधी पाहून ठेवाव्यात. आयर्लंडमधले अनेक पडके किल्ले आणि चर्चचे अवशेष शेतांच्या मध्ये आहेत, तिथे मालकाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये.

कुठे आणि कोणत्या उजेडात पाहावे

सर्वांत जास्त शक्यता कॉर्बेलवर असते. कॉर्बेल म्हणजे भिंतीतून बाहेर काढलेला आधाराचा दगड. अशा दगडांच्या रांगेवर छपराची कड टेकलेली असते. किल्पेकला अशा ८० हून अधिक दगडांवर कोरीव काम टिकून आहे आणि ती स्त्री पूर्वेकडच्या अर्धगोल भागाच्या रांगेत आहे. याच रांगांमध्ये कुत्रा आणि ससा अगदी गोंडस कोरले आहेत आणि ख्रिस्ताचे प्रतीक असलेले कोकरूही आहे. एका दगडाचे जवळून छायाचित्र घेऊन परत येणारा माणूस ही सोबत गमावतो. म्हणून रांगेच्या एका टोकापासून सुरुवात करून प्रत्येक दगडाला क्रमांक द्यावा, ओबडधोबड का होईना पण पूर्ण रांगेचा आराखडा काढावा आणि मगच त्या स्त्रीकडे वळावे.

कॉर्बेलनंतर दरवाजे आणि खिडक्यांच्या वरची जागा पाहावी. क्लेअर परगण्यातल्या किल्लिनाबॉयच्या पडक्या चर्चमध्ये ती दरवाजाच्या वर आहे. श्रॉपशायरमधल्या चर्च स्ट्रेटनला उत्तरेच्या दरवाजावर आहे, तर केंब्रिजशायरमधल्या विटल्सफर्डला मनोऱ्याच्या खिडकीवर. विटल्सफर्डचे शिल्प वेगळ्या कारणासाठी आवर्जून पाहावे: तिथे स्त्री एकटी नाही, अर्धा माणूस अर्धा पशू असा एक पुरुष उत्तेजित अवस्थेत तिच्याकडे सरपटत येतो आहे. तिसरी जागा चर्चच्या आतली, म्हणजे वेदीच्या बाजूची कमान आणि स्तंभशीर्षे. क्लॉनमॅक्नॉइझच्या नन्स चर्चमध्ये, जे डर्व्होर्गिलाने ११६७ मध्ये पूर्ण केल्याची नोंद आहे, कमानीच्या नक्षीत पाय वर घेतलेली एक चिमुकली आकृती आहे. ती इतकी लहान आहे की नक्षीचाच भाग समजून डोळा पुढे सरकतो. तारीख ठाऊक असलेल्या इमारतीत मूळ जागी असलेले असे उदाहरण आयर्लंडमध्ये दुर्मिळ असल्याने अभ्यासकांच्या दृष्टीने तिचे वजन तिच्या आकाराच्या कितीतरी पट आहे.

उजेडाचा विचार जागेप्रमाणे करावा. सपाट, झिजलेल्या उठावाच्या शिल्पावर बाजूने पडणारा तिरपा प्रकाश हवा. समोरून ऊन असेल तर सगळा तपशील पुसला जातो. दक्षिणेच्या भिंतीवर हा प्रकाश सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर मिळतो. उत्तरेच्या भिंतीवर मात्र इंग्लंडमध्ये उन्हाळ्यातल्या पहाटे आणि संध्याकाळी सोडून सूर्य येतच नाही, आणि विल्टशायरमधल्या ओक्सीचे प्रसिद्ध शिल्प नेमके उत्तर भिंतीवर आहे. अशा वेळी सोबत्याला टॉर्च घेऊन बाजूला, भिंतीला जवळजवळ चिकटून उभे करावे आणि प्रकाशाची दिशा बदलत चार ते पाच छायाचित्रे घ्यावीत. डावीकडून दिसणारी रेषा उजवीकडून दिसत नाही असे वारंवार घडते. छपराखालच्या कॉर्बेलसाठी याच्या उलट, ढगाळ दिवस उत्तम. उन्हात छपराची सावली नेमकी चेहऱ्यावर पडते.

खडू लावून रेषा उठावदार करणे, पाणी शिंपडणे, कागद ठेवून पेन्सिल घासणे किंवा दगडफूल खरवडणे, यांपैकी काहीही करू नये. नऊशे वर्षांचा वालुकाश्म हाताच्या दाबानेही कण सोडतो.

दगड जागचा आहे का

माझ्या मते हा संपूर्ण कामातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे आणि बहुतेक हौशी मंडळी नेमका तोच गाळतात. आयर्लंडमधली बरीच शिल्पे पंधराव्या आणि सोळाव्या शतकातल्या किल्ल्यांवर, वेशींवर किंवा चर्चच्या दुरुस्त केलेल्या भिंतींत बसवलेली आहेत. ती त्याच वेळी कोरली गेली, की आधीच्या इमारतीतून उचलून आणली, हे ठरल्याशिवाय काळ आणि हेतू यांबद्दल बोलणे म्हणजे हवेत बाण मारणे होय.

तपासणी पुढीलप्रमाणे करावी. प्रथम दगडाची जात पाहावी. शेजारचे सगळे दगड चुनखडीचे आणि हा एकच वालुकाश्माचा असेल, तर तो बाहेरून आला असण्याची शक्यता वाढते. मग सांधे पाहावेत. मूळ कामात दगडाभोवतीची चुन्याची रेघ शेजाऱ्यांइतकीच बारीक असते. मागाहून बसवलेल्या दगडाभोवती ती जाड असते आणि फटी बुजवण्यासाठी लहान कपच्या ठोकलेल्या असतात. त्यानंतर छिन्नीच्या खुणा आणि झीज यांची तुलना करावी. शिल्प फार झिजले आहे आणि शेजारचे दगड धारदार आहेत, असे दिसल्यास शिल्पाने दुसरीकडे कुठेतरी पावसाळे काढलेले आहेत. सर्वांत बोलका पुरावा म्हणजे मुद्रा: आकृती आडवी पडलेली असेल आणि भिंतीच्या कोपऱ्यात चिऱ्यासारखी वापरली असेल, तर तिथे बसवणाऱ्याला एक तर तिच्या अर्थाशी देणेघेणे नव्हते, किंवा तिला मुद्दाम आडवे करायचे होते. यांपैकी कोणते खरे, हे त्या एका दगडावरून ठरत नाही. भिंतीत आणखी किती जुने दगड वापरले आहेत हे पाहावे लागते. असे जुने दगड भिंतभर विखुरलेले असतील, तर हा केवळ बांधकामाचा साधा काटकसरीचा व्यवहार समजावा.

याच्या विरुद्ध बाजूचे उदाहरण म्हणजे शिल्प आणि बांधकामाचा भाग एकाच दगडात असणे. कॉर्बेलवरची आकृती ही कॉर्बेलचाच पुढचा भाग असते, मागचा भाग भिंतीत खोल गेलेला असतो, म्हणून छप्पर नंतर बदलले नसेल तर ती मूळ जागीच आहे. गॉलवे परगण्यातल्या बॅलिंडेरी किल्ल्याच्या दरवाजावरची वेण्या घातलेली आकृती कमानीच्या मधल्या दगडावर आहे आणि तिच्याभोवती नक्षी विणलेली आहे. दरवाजासाठीच ती कोरली गेली, असे तिथे ठामपणे म्हणता येते. म्हणजेच चर्चच्या भिंतींवरून सुरू झालेली ही मुद्रा पुढे किल्ल्यांसाठीही नव्याने कोरली जात होती. स्कॉटलंडमधल्या हॅरिस बेटावरील रोडेल येथल्या सेंट क्लेमेंट चर्चच्या मनोऱ्यावर सोळाव्या शतकातही अशी बसलेली स्त्री आहे. तेव्हा केवळ मुद्रेवरून ‘बाराव्या शतकातले’ असा शिक्का मारू नये.

जीर्णोद्धार हा आणखी एक सापळा. क्लॉनमॅक्नॉइझच्या त्या कमानीचे दगड १८६० च्या दशकात पुन्हा रचले गेले. स्पेनमधल्या फ्रोमिस्ताच्या सान मार्तीन चर्चची दुरुस्ती १९०० च्या आसपास इतकी कसून झाली की तिथले अनेक कॉर्बेल नवे आहेत. इटलीतल्या मोडेना येथे कॅथेड्रलच्या छपरावरची पाय फाकवलेली प्रसिद्ध स्त्री आता संग्रहालयात आहे आणि छपरावर तिची प्रतिकृती. रांगेतला एखादा दगड विलक्षण नीटनेटका दिसला, की आधी दुरुस्तीचा अहवाल शोधावा.

शरीर वाचण्याचा क्रम

वर्णन डोक्यापासून सुरू करावे. योनीकडे नजर आधी जाते हे खरे, पण तिथूनच सुरुवात केली की बाकीचे शरीर दिसेनासे होते. डोके शरीराच्या किती पट आहे, केस आहेत की टक्कल, डोळे कसे कोरले आहेत, तोंड उघडे आहे का, दात किंवा जीभ दिसते का, कान बाहेर आलेले आहेत का, हे लिहावे. किल्पेकच्या स्त्रीचे डोळे मोठे गोल बटबटीत आहेत आणि चेहऱ्यावर विचित्र अर्धवट हसू आहे. तिच्या अंगाला ना वय आहे ना मांसलपणा. त्यानंतर छाती. टिपरेरी परगण्यातल्या फेदर्ड गावाच्या तटबंदीवरच्या आकृतीसारख्या काहींच्या बरगड्या एकेक करून खोदलेल्या आहेत. स्तन बहुधा लहान, लोंबते किंवा नाहीतच असे असतात. मग हात: ते मांड्यांच्या मागून आले आहेत की पुढून, एकच हात खाली आहे का, दुसऱ्यात काही धरले आहे का. मग पाय. शेवटी योनी: आकार, उघडलेली की मिटलेली, खोदून केलेली की उठावाची. ओक्सीला ती जवळजवळ घोट्यांपर्यंत उतरते, आणि ही अतिशयोक्ती चुकून झालेली नाही हे उघड आहे.

मराठी वाचकाला इथे लज्जागौरी आठवल्याशिवाय राहणार नाही, आणि ती आठवण वर्णनाच्या कामी येते. लज्जागौरीच्या अनेक मूर्तींत मस्तकाच्या जागी कमळ असते आणि भरलेले तारुण्य असते. शीला-ना-गिगमध्ये डोके हाच सर्वांत मोठा, भेडसावणारा भाग असतो आणि शरीर वाळलेले. तुलनेचा उपयोग फरक नेमके टिपण्यापुरता करावा, दोघींचे एकच मूळ आहे असा निष्कर्ष त्यातून काढू नये.

लिंग ठरवताना घाई नको. पावसाने झिजलेल्या कॉर्बेलवर अंडकोश आणि योनी यांतला फरक कधीकधी उरत नाही, आणि पाय मानेमागे घेऊन गुदद्वार दाखवणारे डोंबारीही याच रांगांत असतात. अशा वेळी नोंदीत ‘लिंग अनिश्चित’ असे स्वच्छ लिहावे. मुद्दाम फोडलेली जागा आणि नैसर्गिक झीज यांतही फरक करावा: छिन्नीचा घाव एका दिशेने जातो आणि त्याच्या कडा तीक्ष्ण असतात, पाऊस मात्र सगळ्याच उंचवट्यांना सारखे गोल करतो.

हाताळल्याच्या खुणा स्वतंत्रपणे लिहाव्यात. कॉर्क परगण्यातल्या बॅलिव्हर्नी येथे सेंट गोबनेटच्या पडक्या चर्चमध्ये खिडकीवरच्या आकृतीला स्पर्श करणे हा यात्रेकरूंच्या फेरीचाच भाग आहे, त्यामुळे ती गुळगुळीत झाली आहे. डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयातल्या सीरकिरन येथील आकृतीच्या शरीरावर मुद्दाम पाडलेली भोके आहेत. या खुणा खऱ्या आहेत आणि त्या श्रद्धेच्या आहेत, पण त्या दुसऱ्या प्रश्नाच्या खात्यात जमा कराव्यात. अठराव्या शतकातल्या बाईने मूल व्हावे म्हणून दगड चोळला, यावरून बाराव्या शतकातल्या पाथरवटाने तो त्यासाठी घडवला असे सिद्ध होत नाही.

अर्थाकडे वळताना

प्रचलित मते मुख्यतः तीन. १९३० च्या दशकात मार्गारेट मरे यांनी या आकृत्यांना प्रजननाशी जोडले. पुढे बार्बरा फ्रायटाग यांनी २००४ मध्ये बाळंतपण आणि खेड्यातल्या बायकांची श्रद्धा या अंगाने तीच दिशा अधिक काळजीपूर्वक मांडली. यॉर्गन अँडरसन यांनी १९७७ मध्ये, आणि अँथनी वियर व जेम्स जरमन यांनी १९८६ मध्ये, फ्रान्स आणि स्पेनमधल्या रोमनेस्क चर्चवर त्यांचे मूळ शोधले. वियर आणि जरमन यांच्या मते ही वासनेच्या पापाविरुद्धची दगडी प्रवचने होती. तिसरे मत असे की दारावर आणि तटावर बसवलेली आकृती वाईट शक्तींना परतवून लावण्यासाठी असते.

यांपैकी एक निवडून सगळीकडे लावण्यापेक्षा जागेला विचारावे. छपराखालच्या रांगेत, डोंबारी, दारुडे, लिंग दाखवणारे पुरुष आणि राक्षसी तोंडे यांच्या मध्ये असलेल्या आकृतीसाठी पापाचा अर्थ सर्वांत सहज बसतो. काळही त्याला जुळतो. अकराव्या शतकापासून पोपनी पाद्र्यांच्या ब्रह्मचर्यावर जोर दिला होता आणि ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेने पाद्र्यांचे विवाह रद्दबातल ठरवले. शरीराविषयीची ही चिंता त्याच पिढ्यांत दगडावर उतरली. हेरफर्डशायरला ही शैली पोहोचली कशी, याचेही एक पटणारे उत्तर आहे. स्थानिक उमराव ह्यू मॉर्टिमर याचा कारभारी ऑलिव्हर दे मर्लिमाँ हा सांतियागोच्या यात्रेला गेला होता आणि त्याने शॉब्डनला चर्च बांधले. किल्पेकचे कारागीर शॉब्डनच्या कारागिरांच्याच परंपरेतले मानले जातात. यात्रेची वाट पश्चिम फ्रान्समधून जात होती, म्हणजे अशा कॉर्बेलांच्या गावांतूनच.

परंतु पापाची शिकवण सामान्य भाविकासाठी असती, तर ती इतक्या उंचावर आणि इतकी लहान का कोरली, हा आक्षेप रास्त आहे. शिवाय पाहणाऱ्यांना त्यात नेहमी शिकवणच दिसत होती असे नाही. क्लेर्व्होचा मठाधिपती बर्नार्ड याने ११२५ च्या सुमारास मठांतल्या माकडे, सिंह आणि अर्धमानव यांच्या कोरीव कामावर टीका करताना विचारले होते की हे हास्यास्पद राक्षस वाचन करणाऱ्या भिक्षूंसमोर कशासाठी. साधूलाही या आकृत्या मन रमवणाऱ्या वाटत होत्या, हे त्याच्या तक्रारीतूनच कळते. किल्ल्याच्या दरवाजावर किंवा फेदर्डच्या तटावर एकट्या असलेल्या आकृतीला वासनेचे प्रवचन म्हणणे तर ओढूनताणून वाटते. तिथे राखणदारीचा अर्थ अधिक पटतो. प्राचीन देवतेच्या मताबद्दल मात्र एवढेच म्हणेन की नॉर्मन काळापूर्वीची, तारीख निश्चित असलेली शीला-ना-गिग आयर्लंडमध्ये दाखवता आलेली नाही, आणि त्याशिवाय ते मत श्रद्धेच्या पातळीवरच राहते.

नंतरच्या आयुष्याचा पुरावा कधीकधी कागदावरही मिळतो. आयर्लंडमधल्या ट्यूम धर्मप्रांताच्या १६३१ च्या धर्मनियमांत पाद्र्यांना काही ‘लठ्ठ आणि पाहायला अप्रिय’ प्रतिमा लपवून ठेवण्याचा आणि कुठे लपवल्या त्याची नोंद करण्याचा आदेश होता. इतिहासकार तो याच शिल्पांविषयीचा मानतात. पडक्या चर्चच्या आवारात पुरलेली किंवा जमिनीखाली सापडलेली आकृती पाहताना हा आदेश आठवावा. आकृती जमिनीत गेली ती प्रत्येक वेळी लाजेपोटी फेकली गेली असे नाही, काही वेळा ती आज्ञेप्रमाणे जपून ठेवलेलीही असेल.

नोंद लिहिताना

नोंदीत स्थळाचे नाव, भिंतीची दिशा, जमिनीपासूनची अंदाजे उंची, दगडाची जात, आकृतीची मापे, शेजारची शिल्पे, मूळ जागेबद्दलचा निर्णय आणि त्याची कारणे, छायाचित्राची वेळ व प्रकाशाची दिशा एवढे असावे. हात पोहोचत नसेल तर माप अंदाजाचे आहे असे लिहावे; शेजारच्या चिऱ्यांच्या थरांची उंची खाली मोजून वरच्या आकृतीचा आकार बऱ्यापैकी काढता येतो. भाषा सरळ ठेवावी. ‘अश्लील’, ‘चेटकीण’, ‘देवी’ हे तिन्ही शब्द वर्णनात येऊ देऊ नयेत, कारण तिन्ही शब्द निष्कर्ष आहेत. ‘दोन्ही हात मांड्यांच्या मागून पुढे, बोटांनी योनीच्या कडा धरलेल्या’ असे लिहिले, की दहा वर्षांनी मत बदलले तरी नोंद कामाची राहते.

जागा उघड करण्याबाबत सावध राहावे. टिपरेरीतल्या किल्टिनन चर्चच्या भिंतीवरची आकृती १८४० च्या सर्वेक्षणापासून विद्वानांना ठाऊक होती. १९९० मध्ये ती भिंतीतून काढून चोरून नेण्यात आली. म्हणून सुटा पडलेला किंवा सैल झालेला दगड दिसला तर त्याचे छायाचित्र नकाशावरच्या खुणेसह प्रसिद्ध करू नये. तो जिथे आहे तिथेच ठेवावा, चर्चच्या व्यवस्थापकांना किंवा जमिनीच्या मालकाला त्याच दिवशी सांगावे, आणि आयर्लंडमध्ये राष्ट्रीय स्मारक सेवेला, तर इंग्लंडमध्ये संबंधित डायोसिसच्या (बिशपच्या अखत्यारीतल्या प्रदेशाच्या) कार्यालयाला लेखी कळवावे. पत्रासोबत तिरप्या प्रकाशातली किमान दोन छायाचित्रे आणि संपूर्ण भिंतीचे एक छायाचित्र जोडावे, म्हणजे दगड हलवला गेलाच तर तो मुळात कोणत्या थरात आणि कोणत्या बाजूला तोंड करून होता हे पुढच्या माणसाला कळेल.